विनाकारण उभे राहण्याविषयी

सोलापूर, ता. १७ मार्च १९३५

सौभाग्यवती गौरम्मा शिवशरण हुंडेकरी हिस शिवशरणाचे अनेक आशीर्वाद. (रीतीप्रमाणे नावामागे ‘लिंगैक्य’, म्हणजे आपल्यातले ‘कैलासवासी’, लिहावयास हवे, परंतु जिला पत्र लिहावयाचे तिला तसे संबोधणे म्हणजे उत्तराची आशा आधीच सोडणे होय.) माझा दमा बरा आहे. तू केलेली शेंगाचटणी संपली. बरणी धुतलेली नाही.

पत्रास कारण, तुझे कलम. त्या गल्लीत गिऱ्हाईक म्हणून आलेल्या पुरुषास धरावयाचे तर त्याची बोलणी दोन साक्षीदारांनी कानांनी ऐकलेली असावी लागत. त्यामुळे दंड बायकांना होई आणि पुरुष वारा खावयास आलेले ठरत. पुरुष तिथे कशाला उभा राहतो ते सगळ्या गल्लीला कळते, एका कोर्टाला तेवढे कळत नाही, असे म्हणून तू गेल्या श्रावणात मला म्युनिसिपालिटीस अर्ज लिहावयास बसविलेस. मी, बी. ए. (द्वितीय वर्ग), असे शब्द योजले की दिवेलागणीनंतर तेथे एका आठवड्यात तीनदा विनाकारण उभा राहणारा व समाधानकारक कारण न सांगणारा इसम गिऱ्हाईक समजला जाईल. या महिन्यापासून तो नियम लागू झाला, आणि त्याखाली धरलेला पहिला इसम मी आहे.

त्याच गल्लीत तुझ्या शिवणवर्गाच्या खोलीसमोर मी उभा होतो. सार्वजनिक रस्त्यावर, कडुनिंबाखाली, छत्रीसह. हवालदार ईरप्पा (ज्याच्या मुलीचे परकर तू शिवलेस तोच) म्हणाला, “साहेब, कारण सांगा की. पटंल असं सांगा, सोडतो.” कारण खाजगी आहे, असे मी सांगितले. “हितं समद्यांचंच खाजगी असतंय, साहेब.” मग हेतू आणि कृती यांतील भेद मी त्यास पाव तास समजावून दिला. तेवढ्यात गिरणी सुटली आणि ही गर्दी जमली. एकजण म्हणाला, “मास्तर लई शिकल्यात, म्हणून येळ लागतोय.”

चौकीत फौजदारांनी माझेच कलम मला वाचून दाखविले. मसुदा उत्तम आहे, कुठे पळवाट नाही, असे ते म्हणाले. मी सवयीने आभार मानले.

इतक्यात तुझी चंद्रव्वा, जिने वर्गाला खोली दिली ती, न बोलावता आत आली. “ह्ये गिऱ्हाईक न्हाय, साहेब. गिऱ्हाईक दारात येतंय. ह्ये दारापातूर येत न्हाईत. किल्ली काढत्यात, बगत्यात, परत खिशात घालत्यात. आट दिस झाले. आमी बाया मशिनीसाठी खोळंबलोय, पर ह्यांना बोलायचं कुणी? बाई गेल्या त्या आमच्या बी गेल्या की.”

फौजदारांनी ‘कारण’ या रकान्यात ‘पत्नीशोक’ असे लिहिले व मला सोडले. माझा संताप झाला. एखाद्याचे दुःख पोलिसांच्या वहीत, बेवारस बैलाच्या वरच्या ओळीत नोंदविले जावे, हा कोणता न्याय? साक्षीदारांची जुनी अट पुन्हा लागू करावी, असा अकरा पानी अर्ज मी तयार केला आहे. तो उद्या म्युनिसिपालिटीच्या सभेत देईन. तू रागावू नयेस.

तुझा,
शिवशरण

ता. क. : अर्ज दिला नाही. सभेत माझ्या अटकेचा दाखला देऊन तीन प्रतिष्ठित गृहस्थ कलमाविरुद्ध तळमळीने बोलले. त्या तिघांनाही मी त्या आठ दिवसांत कडुनिंबाखाली पाहिले होते, आणि त्यांच्याजवळ किल्ल्या नव्हत्या. कलमातील एकही शब्द बदलू नये, असे मत मी दिले.

ता. क. दुसरे : पत्र लिहिण्याचे खरे कारण हे. आज दार उघडले. मशीनच्या सुईखाली माझा सदरा आहे, एका बाहीचा. दुसरी बाही चंद्रव्वा शिवते म्हणते. मला ते एकदम मान्य करवेना. तुला विचारून सांगतो, असे मी म्हणालो. तीही “बरं, इचारा” म्हणाली आणि हसली नाही. तरी कळवावे. मशीन बायकांकडेच राहील. दिवेलागणीपूर्वी दाराला कुलूप लावले व किल्ली चंद्रव्वेस परत केली.