कोकरकड्यावरील दोर गाठीसह खाली आणण्याबाबत

प्रति,
मा. कडा-चढाई परवानगी अधिकारी,
डोंगर व कडे नियमन कक्ष,
छत्रपती संभाजीनगर.

अर्जदार: बद्रीनाथ सांडू गाडेकर, मूळ राहणार ता. सिल्लोड, हल्ली मुक्काम पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर.

विषय: कै. मुंजाबा भिकन शिंगाडे यांनी कोकरकड्यावर बांधलेला दोर, गाठ न कापता, त्यांच्या मातोश्रींच्या हाती देण्यासाठी एक दिवस कडा चढण्याची परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ: १) श्री. मुंजाबा शिंगाडे यांनी स्वतः हजर राहून दोर काढून न्यावा, अशी आपल्या कक्षाची नोटीस.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे अर्ज आणि त्यांना आलेली, एकमेकांशी न पटणारी उत्तरे.

महोदय,

याच विषयाचे कागद आपल्या टेबलावर आधीपासून पडून आहेत, याची अर्जदाराला कल्पना आहे. तरीही हा अर्ज वेगळा समजून शेवटपर्यंत वाचावा. मागच्या अर्जांच्या वेळी प्रश्न एका दोराचा होता. आता एका म्हाताऱ्या बाईच्या जिवाचा झाला आहे.

१. अर्जदार, जिल्हा परिषद शाळेतील शिक्षिका द्वारका साळवे, वायरमन पुंजाराम वाघ आणि कै. मुंजाबा असे चौघे सुट्टीच्या दिवशी मिळून कडे चढत असत. लोकांना वाटते, कडा एकटा माणूस चढतो, कारण फोटोत तोच दिसतो. खालून दोर सोडणारे हात फोटोत येत नाहीत. मुंजाबा सर्वांत पुढे जाई. द्वारका खाली उभी राहून त्याचा दोर सांभाळी, आणि तिच्या हातात दोर असला की तो मागे वळून बघतसुद्धा नसे. अर्जदार दुसऱ्या क्रमांकाने चढून त्याने ठोकलेल्या मेखा तपासत असे. पुंजाराम पाणी आणि सामान वाहून आणी. गाडीतून उतरल्यापासून घरी पोचेपर्यंत तो कुरकुर करी, पण आजवर त्याने साधी बाटलीही कड्यावर विसरलेली नाही. चौघांचे भांडण व्हायचे ते डब्यातल्या ठेच्यावरून. दोरावर असताना कधी झाले नाही.

२. वेरुळच्या पुढे डोंगरात शिंगाड्यांची वाडी आहे आणि वाडीच्या डोक्यावर कोकरकडा. त्याच्या पश्चिम अंगाने कोणी चढल्याचे वाडीतल्या कोणाच्या ऐकिवात नव्हते. मुंजाबा त्याच कड्याखाली शेळ्या राखत मोठा झाला. पुढे शहरात नोकरीला लागला तरी दर रविवारी मान वर करून तिकडेच बघायचा. चौघांनी त्या बाजूने पुष्कळदा प्रयत्न केला. एकदा आग्यामोहोळ उठले आणि सुजलेली तोंडे घेऊन चौघे परत आले. एकदा मधला पाषाण इतका सुटा निघाला की हातोडा मारावा तिथून ढलप्या निघू लागल्या. दरवेळी मागे फिरायचे ठरले की मुंजाबा हसून म्हणायचा, "कडा कुठं पळून जातोय व्हय? आपनच म्हातारे होऊ तेवढं." तो म्हातारा झाला नाही.

३. आता वाडीची एक रीत सांगणे भाग आहे, कारण हे सगळे प्रकरण तिच्यावर अडले आहे. कड्यावर अडकलेले कोकरू आणायला या वाडीची माणसे पिढ्यान् पिढ्या दोर बांधून जात आली आहेत. ज्याने गाठ बांधली त्यानेच ती सोडायची, दुसऱ्याने हात लावायचा नाही. गाठ बांधणारा परत आलाच नाही, तर सोबत्यांनी दोर गाठीसकट खाली आणायचा आणि त्याच्या आईच्या नाहीतर बायकोच्या पदरात घालायचा. ती आपल्या हाताने गाठ सोडते. मग वाडी म्हणते, माणूस गेला. तोपर्यंत दहावा नाही, तेरावा नाही, घरात कोणी मोठ्याने रडत नाही. मुंजाबाने ही रीत आमच्या चौघांतही आणली होती. द्वारकाबाई शिकलेल्या, पण त्यांनीसुद्धा कधी दुसऱ्याची गाठ सोडली नाही.

४. गेल्या वर्षी माघात मुंजाबा माथ्याच्या अगदी जवळ पोचला. तिथल्या एका खडकाच्या शिंगाला त्याने जाड दोराचा फास बांधला आणि दोर पायथ्यापर्यंत सोडला, म्हणजे दुसऱ्या दिवशी सरळ तिथून पुढे निघता यावे. वरून हात हलवला आणि उतरू लागला. तेवढ्यात त्याच्या डोक्यावरचा धोंडा सुटला. यात कोणाची चूक नव्हती. डोंगराला आमचे काही देणे नव्हते आणि आमच्याशी त्याचे वैरही नव्हते. अर्जदार वर गेला, मुंजाबाला स्वतःच्या अंगाशी बांधले आणि द्वारकाबाईंनी दोघांचे ओझे दुसऱ्या दोरावर एकट्याने खाली सोडले. त्यांच्या तळव्यांची साल निघाली, पण दोर एकदाही सुटला नाही. खाली पुंजारामने त्याला पाठीवर घेतले आणि वाडी येईपर्यंत कुरकुरीचा एक शब्द काढला नाही. वाडीत पोचलो तेव्हा मुंजाबा गेलेला होता.

५. त्याची आई कस्तुराबाई हिला चेहरा दाखवू नये असे भावकीतल्या वडीलधाऱ्यांनी ठरवले, कारण दाखवण्यासारखा राहिला नव्हता. तिने पाहिले ते फक्त गुंडाळलेले धडुते. पुंजारामने सकाळीच वर जाऊन दोर आणू म्हटले होते. पण माती होण्याआधी त्या कड्याला हात लावायला तिघांचेही मन धजेना. माती उरकून पाहतो तर पायथ्याशी आपल्या कक्षाचा नवा फलक: चढाईस सक्त मनाई. तोपर्यंत परवानगीची गरज नव्हती. ती त्या सकाळी निर्माण झाली. तेव्हापासून दोर वर, आई खाली.

६. त्यानंतर आपल्या कक्षाची नोटीस वाडीत आली. कड्यावर विनापरवाना लोंबकळणारा दोर श्री. मुंजाबा भिकन शिंगाडे यांनी स्वतः हजर राहून काढून न्यावा, अन्यथा त्यांच्यावर कारवाई करण्यात येईल, असा तिचा मजकूर आहे. ज्या गृहस्थाच्या अपघातामुळे आपण कडा बंद केला, त्याच गृहस्थाला आपण कड्यावर बोलावले. नोटीस घेऊन आलेल्या शिपायाने ती कस्तुराबाईला मोठ्याने वाचून दाखवली. तिने सगळे ऐकून घेतले, त्याला चहा पाजला आणि शेजारणीला म्हणाली, "सरकार काय मेलेल्या मानसाला कागद धाडंल व्हय? त्याह्यला ठावं असंल म्हनूनच बोलावलं ना." त्या दिवसापासून तिने मुलाचे अंथरूण पुन्हा घालायला सुरुवात केली. भावकीने समजावले, अर्जदाराने समजावले, द्वारकाबाई तिच्याजवळ बसून रडल्या. ती द्वारकाबाईंचीच समजूत काढत राहिली.

७. मृत्यूचा दाखला जोडून नोटीस मागे घेण्याची विनंती केली असता आपल्याकडून उत्तर आले की, नोटीस ज्याच्या नावे आहे त्यानेच ती मागे घेण्यासाठी अर्ज करावा. अर्जदाराने दोर आणण्याची परवानगी मागितली, तेव्हा कळवण्यात आले की दोर मयताची मालमत्ता असल्याने वारसाची अंगठ्यासह संमती जोडावी. अर्जदार संमतीचा कागद घेऊन वाडीत गेला. कस्तुराबाईने विचारले, वारस म्हणजे काय. अर्जदाराने सांगितले. तिने हात पदराखाली घेतला आणि म्हणाली, "त्यो जित्ता असताना म्या वारस कशी? दोर खाली आना, गाठ माझ्या हातात द्या, मंग लावते अंगठा." साहेब, ती अडून बसलेली नाही. रीत अशी आहे. दोर येईपर्यंत ती संमती देऊ शकत नाही, आणि संमती येईपर्यंत आपण दोर आणू देऊ शकत नाही. अर्जदाराने बऱ्याच गाठी सोडवल्या आहेत, पण ही त्याला सुटलेली नाही.

८. दिवाळीनंतर तक्रारींचा निपटारा करण्याची मोहीम निघाली तेव्हा आपल्या कक्षाचा एक कर्मचारी कोयता घेऊन आला. जमिनीवर उभे राहून हात पोचेल तिथे त्याने दोर कापला, खालचा तुकडा हातात धरून फोटो काढला आणि गेला. दोर हटविण्यात आला आहे, अशी नोंद झाली. वरचा सगळा दोर जागच्या जागी आहे, वाडीतून उघड्या डोळ्यांनी दिसतो. त्यानंतरच्या अर्जाला आलेले उत्तर असे: कड्यावर दोर अस्तित्वात नसल्याने तो काढण्यासाठी परवानगी देण्याचा प्रश्न उद्भवत नाही. त्याच आठवड्यात श्री. मुंजाबा यांना दोर काढण्यासाठी मुदतवाढ दिल्याचे पत्रही वाडीत पोचले. अर्जदाराला या दोन्ही पत्रांवर हसू यायला हवे होते. पुंजारामला ती वाचून दाखवली, तेव्हा तोही हसला नाही.

९. यापुढचे लिहिणे अवघड जाते. दोर कापलेला पाहून कस्तुराबाई कोणावर ओरडली नाही. तिने फक्त विचारले, "दोर आखूड केला. आता त्यो उतरंल कसा?" मग तिने माळ्यावरून शेळ्यांचे साठवलेले केस काढले, चातीवर सूत धरले आणि दोर वळायला बसली. शेळ्या राखतानाही वळते. कापलेल्या टोकाला जोडून तो जमिनीपर्यंत पोचवायचा आहे, म्हणजे मुलाला पाय टेकता येतील. आणि गेल्या पंधरवड्यात तो दोर कमरेला गुंडाळून ती कड्याच्या पहिल्या टप्प्यावर चढली. अनवाणी, लुगड्याचा काचा मारून. गुराख्यांनी पाहिले म्हणून उतरवली. परवा पुन्हा चढली. आपला फलक तिला वाचता येत नाही, आणि आला असता तरी ती थांबली नसती.

१०. सध्या आम्ही तिघे पाळीपाळीने वाडीत मुक्कामाला असतो. तिला अडवता येत नाही, म्हणून ती कड्याकडे निघाली की द्वारकाबाई तिच्या कमरेला आमचा दोर बांधतात आणि दुसरे टोक स्वतः धरून बसतात. मुंजाबाचा दोर ज्या हातांनी धरला तेच हे हात. त्या नोकरी सांभाळून येतात, पुंजाराम कामे बुडवून येतो. आम्ही किती दिवस धरू शकू, हे आम्हाला माहीत नाही. एखाद्या दुपारी तिथे कोणीच नसेल आणि ती असेल. ही भीती अर्जदाराला झोपू देत नाही.

चोरून चढून दोर आणावा असा सल्ला पुष्कळांनी दिला. आणताही येईल. पण दोर कापला गेल्यापासून कस्तुराबाईने सांगून ठेवले आहे की, सरकारने तिच्या मुलाला बोलावले आहे, मधे दुसरे कोणी पडायचे नाही. तिचा विश्वास आपल्या कागदावर आहे. अर्जदार इतकी वर्षे तिच्या घरी भाकरी खात आला, पण त्याच्या शब्दाला ते वजन नाही. ज्या शिक्क्याने मुंजाबाला जिवंत केले, त्याच शिक्क्याने तो गेल्याचे तिला सांगावे लागेल. हे काम फक्त आपणच करू शकता, म्हणून अर्जदार आपल्या दारात उभा आहे.

तरी विनंती अशी की, श्री. मुंजाबा यांच्या नावे काढलेली नोटीस मागे घेऊन ते हयात नाहीत असे आपल्या सहीशिक्क्याने कळवावे, आणि तो कागद आपल्या माणसाने वाडीत जाऊन तिला तसाच मोठ्याने वाचून दाखवावा. चहा ती याही वेळी देईल. तसेच मुंजाबा गेला त्या माघातल्या तिथीच्या आत, खडक तापण्यापूर्वी, एक दिवस चढू द्यावे. अर्जदार पुढे जाईल, द्वारकाबाई दोर धरतील, पुंजाराम सामान वाहील. चौथी जागा रिकामी ठेवूनच चढू. खडकाच्या शिंगावरून फास अलगद वर उचलून घ्यायचा आहे. सुरी लावायची नाही. माथा तिथून हाकेच्या अंतरावर आहे, पण आम्ही तिथे जाणार नाही, हे या अर्जाद्वारे लिहून देतो. तो मुंजाबाचा होता.

तिने वळलेला दोर आता पुरेसा लांब झाला आहे, असे ती काल म्हणाली. म्हणून उत्तर टपालाने न पाठवता फोनने कळवावे.

आपल्या एका सहीसाठी खोळंबलेला, नम्र,

(सही)
बद्रीनाथ सांडू गाडेकर
दिनांक: १३ जानेवारी २०२५

सोबत:
कै. मुंजाबा भिकन शिंगाडे यांच्या मृत्यूच्या दाखल्याची प्रत.
श्री. मुंजाबा भिकन शिंगाडे यांना आलेल्या नोटिशीची व मुदतवाढीच्या पत्राची प्रत.
कड्यावर दोर असल्याचा, वाडीतून काढलेला फोटो. खालच्या कोपऱ्यात दोर वळत बसलेली बाई म्हणजे कस्तुराबाई.
वारसाचे संमतीपत्र. मजकूर पूर्ण आहे, अंगठ्याची जागा कोरी आहे. दोर खाली आल्यावर भरली जाईल.