आप्पा हल्ली कानडीत राहतात

सोलापूर, रविवार दुपार

ती. गंगम्मावन्सं यांना विजयमालाचा वाकून नमस्कार. तुमचे गुडघे आणि तुमची म्हैस, दोन्ही ठीक असतील अशी आशा आहे. (म्हशीचं आधी विचारणार होते, पण मान तुमचा.)

तुमच्या भावाचं फोनवर सांगायला गेले की रडू येतं, म्हणून लिहिते. आप्पांचे हातपाय चालतात, भूक आहे, तोंडही सरळ झालंय. फक्त मराठी गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बोलण्याचं बरंचसं काम मेंदूच्या डाव्या बाजूला चालतं आणि गुठळी नेमकी तिथंच अडकली. दोन्ही भाषांचे धागे तिथं एकमेकांत गुंतलेले. कुणाची लहानपणची भाषा आधी सुटते, कुणाची नंतरची, आधी सांगता येत नाही. आप्पांची कानडी सुटून मोकळी झाली, मराठी तिथंच अडकली. मराठीतलं एकच वाक्य उरलं, तेही सिटी बसच्या कंडक्टरकीतलं (रोज म्हणून म्हणून पाठ झालेलं असं तगून राहतं म्हणे). बाईंनी डोळ्यांत बॅटरी मारली तर हे म्हणतात, “पुढं सरका की, पुढं लई जागा हाय.” बाई खरंच सरकल्या.

दुपारी मी कडुनिंबाखाली खाट टाकून देते. मग आप्पा अर्धे डोळे मिटून कुठंतरी जातात. कानडीत कुणाला हाका मारतात, कुणाशी भांडतात, हसतात. पानांतून ऊन हलत असतं, मलाही तंद्री लागते आणि वाटतं, तुमच्या अंगणात आम्ही दोघं लहान आहोत (मी वैरागची, मी तिथं कशी असेन?). छान वाटतं, खोटं कशाला बोलू. पण जाग आली की भीती वाटते, आता आम्ही एकमेकांशी बोलायचं कसं? म्हणून आठ दिवस या आणि मला थोडी कानडी शिकवा.

तुमची भावजय,
विजयमाला

ता. क. सुनेला कळू नये म्हणून तुम्ही भावंडं माझ्यासमोर कानडीत बोलायचात. मला पहिल्याच वर्षी सगळं कळायला लागलं होतं. माझ्या नाकाबद्दलचंही. (त्या दिवशीची खीर चुकून खारट झाली नव्हती.)

आणखी एक. रोज ताट आणलं की आप्पा माझा हात धरून विचारतात, “ऊट आतेन?” जेवलीस का? मराठीत बेचाळीस वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं. मला उत्तर द्यायचंय हो. पण हिला सगळं आधीपासून येतं हे कळलं तर ते लाजून गप्प होतील, आणि आता तेवढंच तर बोलणं उरलंय. तेव्हा तुम्ही चार दिवस शिकवल्याचं नाटक करा. पाचव्या दिवशी मी म्हणेन, “इन्नू इल्ल.” अजून नाही. आणि त्यांच्याच ताटात जेवायला बसेन.