लाल सुताची गाठ

७ एप्रिल २०२५, सोमवार
आज खोलीवर आलो. मी चौथी शिकलेला, पण नातीनं, प्रतिक्षानं, वही दिली आणि रोज लिहायचं कबूल करून घेतलं. खोली छान आहे. एमआयडीसीत, टॉवेलांच्या कारखान्याच्या मागेच, मालकानंच दिलेली. पूर्वेला खिडकी, दाराशी कडुलिंब, सकाळी तासभर नळ. चाळीस वर्षं माग चालवले, आता बसून टॉवेलांच्या घड्या घालायच्या. मंद्रूपचं घर बायकोच्या, विठाबाईच्या, आजारपणात गेलं, ती पण गेली. मला आता हीच जागा.
सोबती वीरभद्रप्पा अक्कलकोटकडचा, चाळिशीचा, मागावर आहे. माझी ट्रंक त्यानं आपणहून आत आणली. मला अज्जा म्हणतो, म्हणजे आजोबा.

८ एप्रिल
वीरभद्रप्पा गांजा ओढतो. कामावरून आला की चिलीम पेटवतो आणि खिडकी लावून घेतो. माझ्या सदऱ्याला, उशीला, भाकरीलासुद्धा वास. पोलीस आले तर मलाही धरतील. मालकाला सांगावं तर दोघांनाही हाकलेल, मग मी कुठं जाऊ? बाहेर जाऊन ओढ म्हणालो. तो म्हणाला, अज्जा, लई बोलू नका, हा धूर हाय म्हणून दोघं जित्तं हाव.

१० एप्रिल
कोपऱ्यावर चहा विकणाऱ्या महादेवीनं सांगितलं. माझ्या खाटेवर आधी शिवपुत्र नावाचा कामगार झोपायचा. संक्रांतीच्या सुमारास त्याचा गमछा मागाच्या पट्ट्यात अडकला. आधी हात खांद्यापासून उपटला, मग मान गेली. शेजारच्या मागावर वीरभद्रप्पा होता, बंद करायचं बटण त्याच्या हाताशी होतं. गांजाच्या तारेत तो नुसता बघत उभा राहिला. मागावर लाल सूत लावलेलं, त्यात रक्त कुठलं आणि सूत कुठलं ते कळत नव्हतं, असं म्हणाली आणि मला विचारलं, बिस्कीट देऊ का.

११ एप्रिल
तो कामावर असताना पुडी आणि चिलीम संडासात टाकली. आल्यावर त्यानं माझा गळा धरला, भिंतीवर आपटलं. दोन दात हलतायत. मग सोडून रडायला लागला. म्हणाला, दुसऱ्या पुडीला पैसं न्हाईत, आता त्यो येईल की, धुरात वाट सापडत न्हवती त्याला.
आम्ही बुद्धवंदना म्हणणारी माणसं. भूत मानत नाही.

१२ एप्रिल
दाराच्या फटीतून लाल सूत आत आलं. कारखान्याच्या बाजूनं. ताणलेलं, सरळ त्याच्या खाटेपर्यंत. त्यानं मागावरच्या कात्रीनं तोडलं. टोकातून थेंब पडले. मला बजावलं, तुटलेल्या टोकांना हात लावायचा न्हाय.

१३ एप्रिल
दोनदा आलं. दोनदा तोडलं. दुसऱ्यांदा कात्री त्याच्या अंगठ्यात घुसली. प्रतिक्षा भेटायला येणार होती. येऊ नको म्हणून फोन केला.

१४ एप्रिल
भीमजयंती, सुट्टी. पांढरा सदरा घालून सकाळी निघालो. वीरभद्रप्पा भिंतीकडे तोंड करून झोपलेला. उंबऱ्यापाशी तुटलेली दोन टोकं पडली होती. चप्पल घालायला वाकलो आणि —
चाळीस वर्षं तुटलेलं सूत दिसलं की बोटं जातात. डोक्याला विचारत नाहीत. विणकरी गाठ बसली, पक्की. लक्षात आलं तेव्हा कोपऱ्यावर पोचलो होतो. सूतच ते, असं मनाला सांगितलं. परत फिरलो नाही.
दुपारी दोनला आलो. त्याचा हात खाटेखाली पडलेला, खांद्यापासून उपटलेला. मानेभोवती सूत, हाडापर्यंत रुतलेलं. रक्त छतापर्यंत. डोळे उघडे. गाठीकडे बघत होते.

१५ एप्रिल
पोलिसांनी दिवसभर बसवून ठेवलं. तुझ्यात एवढं बळ कुठलं म्हणून सोडलं. गाठीचं सांगितलं नाही.

१७ एप्रिल
मालकानं फरशी धुऊन दिली. म्हणाला, कुठं जाणार, राहा इथंच. राहिलो.
सूत आलं. कारखान्याकडून नाही. वीरभद्रप्पाच्या रिकाम्या खाटेखालून. माझ्याकडे.
तोडलं.

१८ एप्रिल
तोडलं. माझ्याच बोटांनी पुन्हा बांधलं. तोडलं, बांधलं. बोटं दोरीनं बांधून ठेवली, त्यांनी सोडवून घेतली —
महादेवीला विचारलं, गांजा कुठं मिळेल. ती बघत राहिली. म्हणाली, अज्जा, तुमी पण?

१९ एप्रिल
सकाळचे अकरा. सुतानं दोन्ही घोटे बांधलेत. मांस कापतंय. ओरडलो. मागांच्या आवाजात कोणाला —
गाठीला दोन हात लागतात. एका हातात पेन आहे तोवर बांधता येत नाही. म्हणून लिहितोय. लिहीत राहायचं. कडुलिंब. टॉवेल. विठाबाई. विठाबाई.
प्रतिक्षा, ये — नको, येऊ नको —
मानेशी आलं. डावा हात टोक धरून बसलाय. वाट बघतोय.
रिफिल संपत आली. अक्षर पुसट — दाबून लिहितो — अजून उमट