लिव्हर कडक का असतो

मुनिरका, नवी दिल्ली
१२ फेब्रुवारी

प्रिय राजाराम,

अतुलला जाऊन वर्ष झालं, त्या दिवशी मी तुमच्याकडे आलो नाही. भंतेजी आले होते, पुण्यानुमोदन झालं, वहिनींनी सगळ्यांना जेवू घातलं, हे तूच संध्याकाळी फोनवर सांगितलंस, आणि वर माझ्याच तब्येतीची चौकशी केलीस. मी म्हटलं, गुडघा धरलाय. खोटं बोललो. मी आलो होतो. दोन मेट्रो बदलून वैशालीला उतरलो, तिथून ई-रिक्षाने तुमच्या सोसायटीच्या गेटपर्यंत आलो. रजिस्टरमध्ये माझं नाव लिहिलं, 'किससे मिलना है' या रकान्यात तुझं लिहिलं, आणि पेन ठेवून परत फिरलो. गार्ड मागून ओरडत होता, "अंकलजी, बी ब्लॉक उधर है." बी ब्लॉक कुठे आहे ते मला ठाऊक नाही होय?

आर. के. पुरमच्या त्या क्वार्टर्सची हल्ली फार आठवण येते. तुम्ही वर, आम्ही खाली. तू मंत्रालयातल्या फायली उपसून यायचास आणि मी सुरक्षा दलाच्या कोतमधून, हत्यारं दुरुस्त करून, तेलकट हातांनी. कोत हा शब्द ऐकून तू हसायचास, हत्यारांची खोली म्हण की सरळ, म्हणायचास. अतुल तेव्हा सात-आठ वर्षांचा. तुमच्याकडे भाजी आवडीची नसली की थेट आमच्या ताटावर. सुमित्रा त्याला भाकरीवर तूप वाढायची आणि तो मला म्हणायचा, काका, आज क्लासमध्ये काय शिकवणार? नव्या रंगरुटांना द्यायचं सेफ्टीवरचं लेक्चर मी आधी त्याच्यासमोर म्हणून बघायचो. त्याच्याइतकं लक्ष देऊन ते दुसऱ्या कुणी ऐकलं नाही.

तुलाही ते अर्धंमुर्धं पाठ असेल. गारगोटीच्या ठिणगीने उडणाऱ्या चकमकीच्या बंदुका होत्या, तेव्हा घोडा अर्धा ओढून एका खाचेत अडकवून ठेवायचे, तीच जुनी सेफ्टी. खाच झिजली की घोडा निसटायचा आणि धरणाराच मरायचा. मग कळ आली, म्हणजे सेफ्टीचा लिव्हर, तो सरकवल्याशिवाय ट्रिगर दबत नाही. मग मुठीच्या मागे एक पट्टी आली, मूठ घट्ट आवळली तरच गोळी सुटणार, म्हणजे घरातल्या लेकराच्या इवल्याशा हाताला ते जमू नये. मग पिस्तूल जमिनीवर पडलं तरी आतली पिन हलू नये म्हणून आतच अडसर बसवला. आमच्या कार्बाइनच्या, त्या आखूड बंदुकीच्या, पूर्वजांना तर सेफ्टी म्हणजे नळीत कापलेली नुसती एक खाच होती, दांडी फिरवून तिच्यात अडकवायची, दाराची कडी घालतात तशी. धक्का बसला की दांडी बाहेर. महायुद्धात किती तरी पोरं शत्रूचं तोंडही न बघता, ट्रकमधून उतरताना आपल्याच बंदुकीने गेली. हे मी छातीठोकपणे शिकवायचो, राजाराम. म्हणायचो, यातली प्रत्येक सुधारणा कुणाच्या तरी मरणानंतर झाली आहे. आणि शेवटी विचारायचो, लिव्हर कडक का असतो? रंगरूट एकमेकांची तोंडं बघायचे. अतुल मात्र घरी पाटावरून ओरडायचा, "डोकं जागं व्हायला टाइम मिळावा म्हणून!" अंगठ्याला जोर लावावा लागतो, तेवढ्या वेळात माणूस विचार करतो. सेफ्टी म्हणजे हाताला मुद्दाम दिलेला त्रास.

पुढे तो आमच्याच दलात भरती झाला, फिरून फिरून माझ्याच युनिटला आला. तुला आवडलं नव्हतं, तुला तो टेबलखुर्चीवर हवा होता. मी तुला शब्द दिला होता, मी आहे ना तिथे. गेल्या दिवाळीच्या आधीच्या दिवाळीची गोष्ट. व्हॉलीबॉल खेळताना त्याचा अंगठा सुजला होता. चार दिवसांवर इन्स्पेक्शन. कोतच्या खिडकीशी येऊन म्हणाला, "काका, ये लिव्हर बिल्कुल जाम आहे यार, माझा अंगठाच जातो. थोडा सॉफ्ट करून द्या ना, प्लीज." मी म्हटलं, अंगठा बरा होईल, लिव्हर आहे तसा राहू दे. दुसऱ्या दिवशी परत आला, तेच तोंड, आमच्या पाटावरचं. मी कानस काढली. त्याला कानस हा शब्द येत नव्हता, "रेती से घिसोगे?" म्हणाला. लिव्हरला जागच्या जागी धरणारी बारीक पोलादी गोळी ज्या खाचेत बसते, तिची कड मी थोडीशी घासली. अगदी थोडी. मग त्याने लिव्हर दोनदा खाली-वर केला आणि म्हणाला, "मक्खन!" मला फार बरं वाटलं. पोराचं काम केलं म्हणून बरं वाटलं. तीस वर्षं जी गोष्ट करू नका म्हणून सांगत आलो, ती मी त्याच्यासाठी केली, आणि त्याचा अंगठा बरा झाल्यावर खाच पुन्हा नीट करायची, तेही केलं नाही. इन्स्पेक्शन पार पडलं, मी विसरलो. विसरलो तो मी.

त्यानंतरच्या जानेवारीतली ती सकाळ तुला मी सांगायला नको. धुकं होतं, दिवसाची पहिली ड्यूटी. भरलेली कार्बाइन खांद्याला, आणि तो गाडीतून उतरला. गाडीच्या मागच्या फळक्याला लिव्हर घासून सरकला, कार्बाइन पायरीवर आपटली, एक गोळी. बरोबरच्या पोराने जबाबात सांगितलं होतं की गाडीत बसताना अतुलने सेफ्टी लावलेली त्याने पाहिली. त्याचं कुणी ऐकलं नाही, कारण नंतर लिव्हर फायरवर, म्हणजे सेफ्टी काढलेला, सापडला. हत्यार तपासायला माझ्याकडेच आलं. साहेब समोर उभे होते. मी लिव्हर हलवला. तो तसाच मऊ सरकला, मक्खन. माझ्या रिटायरमेंटला चार महिने राहिले होते. साहेब म्हणाले, "ठीक है?" आणि मी लिहून दिलं, यंत्रणेत दोष आढळला नाही. त्या माझ्या एका ओळीवर चौकशीचा निकाल उभा राहिला, मृत्यू स्वतःच्या निष्काळजीपणामुळे. तो कागद तुझ्या हातात आला तेव्हा मी तुझ्या शेजारीच बसलो होतो. तू माझ्या खांद्यावर डोकं ठेवून रडलास. मीही रडलो, तेवढंच खरं होतं.

इतकं सगळं करूनही मी कदाचित गप्प राहिलो असतो. इतका मी भित्रा आहे, हे मला या वयात कळलं. पण डिसेंबरात तुमच्याकडे आलो होतो, तेव्हा वहिनी चहा करायला उठल्या. चहा झाल्यावर त्यांनी गॅसचं बटण तीनदा तपासलं. मी बघतोय हे लक्षात आलं तशा ओशाळून म्हणाल्या, "विसरभोळेपणा आमच्याच घरात आहे हो भाऊजी. लहानपणी डबा विसरायचा, छत्री विसरायची. मीच त्याला वळण लावलं नाही." आणि तू खाली बघून मान हलवलीस. राजाराम, त्या बाईने पोर गमावलं, आणि वर आपलंच चुकलं म्हणून ती रोज गॅसचं बटण तपासते आहे.

परवा सुमित्राला सगळं सांगितलं. तिने माझ्यासाठी ताट वाढलं आणि स्वतः आत जाऊन बसली, आमच्या या एवढ्याशा खोलीत आत म्हणजे पलंगाच्या पलीकडे. काल मी मुख्यालयात जाऊन लेखी जबाब दिला. खाच कुणी घासली, कधी, कशासाठी, आणि खोटा अहवाल कुणी दिला, सगळं माझ्या सहीनिशी. ती कार्बाइन अजून सीलबंद आहे, कड तपासली की माझ्या कानशीचे ओरखडे दिसतील. ते चौकशी पुन्हा उघडतील. माझं जे व्हायचं ते होवो. तुला सरकारी कागद येईल, तो येण्याआधी तुला हे माझ्याकडून कळावं म्हणून लिहितोय. माफी मागत नाही, ती तू देऊन बसशील याचीच भीती वाटते. एकच कर. हे पत्र वहिनींना वाचून दाखवायला जमलं नाही, तर नुसतं एवढं सांग की त्या सकाळी त्यांच्या पोराने सेफ्टी लावली होती. अतुल काहीही विसरला नव्हता.

तुझाच म्हणवायचा हक्क उरलेला नाही, पण तीस वर्षांत दुसरं काही लिहिलं नाही म्हणून,
तुझाच,
नरसिंह