उपाशी पट्टा

बुधवार, मार्गशीर्ष शुद्ध पंचमी. सायंकाळ.

माझी चूक मी स्वतःच कबूल केली, एवढेच आजचे समाधान.

संशोधन केंद्राच्या अश्विनीताई माझ्या नातीच्या वयाच्या. दर बुधवारी अहमदपूरहून एसटीने येऊन आमच्या हरभऱ्याची पाहणी करतात. एका पट्ट्यास शेण-गोमूत्राचे जीवामृत द्यायचे, शेजारच्या पट्ट्यास काहीच नाही. म्हणजे फरक मोजता येतो. चौथी शिकलेल्या माझ्या शब्दावर त्यांनी हंगामभराचे काम सोपविले होते. परंतु तो उपाशी पट्टा मला पाहवेना. एका लेकरास ताट वाढायचे आणि दुसऱ्यास नुसते शेजारी बसवायचे? सोमवारी मी त्यासही जीवामृत घातले.

सौ. सकाळीच म्हणाली, "त्या पोरीला सांगून टाका की. तोंड लपवून काय करून राहिलात?"

सांगितले. ताई बांधावर मटकन बसल्या. "आबा, माझा हंगाम गेला की हो!"

 

मग वही उघडून त्यांनी विचारले, "सगळ्या पट्ट्याला घातलंत?"

"नाही. जीवामृत संपले. शेवटच्या चार ओळी राहिल्या."

त्या डोळे पुसून चक्क हसल्या. "मग तुलना त्या चार ओळींशी! पण आबा, आता तुम्ही तिकडं फिरकायचं न्हाई."

"मी बसते की ह्यांच्या राखणीला," पाठोपाठ बांधावर आलेली सौ. म्हणाली.

त्या चार ओळी उपाशीच... असो. शब्द दिला आहे. जवळची वाट त्या ओळींवरूनच जाते; काढणीपर्यंत मी लांबच्या वाटेने विहिरीवर जाईन.