टेम्पोपुरती जागा

९ जानेवारी
बोईसरला जाऊन आले. नकाशा करणारे हितेशभाई माणूस बरे, फक्त बोलताना पेन्सिलीने कान खाजवतात. आमची बोईसरजवळच्या माहीमची वाडी त्यांनी एका कागदावर बसवली – दोन इमारती, मधे रस्ता, कोपऱ्यात हिरवा तुकडा. "ताई, दहा टक्के जागा मोकळी सोडावीच लागते. नियम आहे." म्हटलं, आजवर आम्ही सगळीच मोकळी ठेवली, तेव्हा कुणी पाठ थोपटली नाही. हसले.

सासूबाईंनी एकच विचारलं. "टेम्पो कुटं लागंल?"

टेम्पो! टेम्पोवाला सहा वर्षं झाली, तिकडे सुरतेला आहे.

१० जानेवारी
काल पुढचं लिहायचं टाळलं. लिहिते. बळवंत – माझा नवरा. समोर कधी नाव घेतलं नाही, कागदावर घेते. चाकांनी पानवेलीच्या कडेची वाट उखडते म्हणून मामंजी रोज कुरकुरायचे. एक दिवस शब्दाला शब्द वाढला आणि हे टेम्पोत चढले. "या वाडीत परत गाडी लावनार नाय!" मामंजी गेले तेव्हाही आले नाहीत. फोन आधी महिन्याला, मग सणाला, मग बंद.

आईंचं म्हणणं, पोरगा जागेवरून गेला, जागा दिसली की येईल. मी त्यांची चेष्टा करते. पण टेम्पो उभा राहायचा तिथे पालापाचोळा मीच साचू देत नाही. रोज झाडते. मला फार आठवण येते यांची. लिहिलं एकदाचं.

२ फेब्रुवारी
टेम्पो बसत नाही म्हणे. नकाशात गाडीला अडीच मीटर रुंद, पाच लांब, एवढाच चौकोन. टेम्पोचं शेपूट बाहेर राहणार. आईंनी लगेच तोडगा काढला – त्या हिरव्या तुकड्यात लावू की! हितेशभाई म्हणाले, "आजी, मोकळ्या जागेत गाडी लावलेली चालत नाही. तिथं बाग, पोरांचे झोपाळे."

झोपाळ्यावर बसायला आमच्याकडे पोर झालंच नाही. मी विषय बदलून बसची वेळ विचारली.

१८ फेब्रुवारी
हितेशभाईंनी फाटकाजवळ एक लांब जागा काढली. टेम्पो आरामात मावेल. "फक्त ती पाहुण्यांची म्हणून दाखवावी लागेल. पाहुण्यांच्या गाड्यांसाठी वेगळी जागा ठेवावीच लागते, ती यातच भागते."

आई उठून उभ्याच राहिल्या. "माजा पोर पावना हाय का? सोताच्या घरात?"

सही न करता निघालो. वाडी आईंच्या नावावर, त्यांच्या सहीशिवाय कागद हलणार नाही. मी त्यांची पिशवी धरून मागे मागे.

१९ फेब्रुवारी
सही नाही. जेवणही धड नाही.

२६ फेब्रुवारी
आज समजावलं. "आई, शब्द कागदावर राहील, जागा जमिनीवर. गाडी लागल्यावर पाटी कोण वाचतंय?" खूप वेळ सुपारी कातरत बसल्या. मग म्हणाल्या, "तू लबाड हायस, चंदे." चष्मा मागितला. दुपारच्या बसने बोईसरला गेलो. सही केली. सही थोडी तिरकी आली, हितेशभाईंनी चालवून घेतली.

मलाच आनंद किती झाला! बसमध्ये उगाच हसू येत होतं.

११ एप्रिल
मंजुरी आली. शिक्क्याचा नकाशा ओटीवर पसरला, चार कोपऱ्यांवर चार वाट्या. आईंनी त्या जागेवर बोट ठेवलं ते उचलेचनात. "लय मोटी हाय, नाय?" मोठीच आहे. त्या आत गेल्यावर मी फाटकाजवळ पावलांनी मोजून पाहिली. टेम्पोचा मागचा फाळका उघडला तरी अंतर उरतं.

यांचा जुना नंबर लागत नाही. बुधा पूर्वी यांच्या टेम्पोवर हमाली करायचा, आता स्वतः सुरतेला माल नेतो. त्याच्याकडे निरोप दिला – आईंनी गाडीला जागा ठेवलीय, म्हणावं. "सांगतो वयनी," म्हणाला. माझ्याकडे बघितलं मात्र नाही. घाईत असेल.

१४ एप्रिल
बुधाचा काही निरोप नाही. यांची पेटी उघडून शर्ट उन्हात घातले. निळा अजून अंगाला येईल.

२३ एप्रिल
फोन आला. यांचाच. आईंनी घेतला, ऐकू कमी येतं म्हणून आवाज मोठा ठेवला होता. येताहेत. मे महिन्यात, चार दिवस. टेम्पो कधीच विकला म्हणे, आता मोटार आहे. "पोरांना समुद्र दाखवायचाय. मोठीला सुट्टी लागली की निघू."

मोठी किती वर्षांची, ते मी दारातूनच विचारलं.

पाच.