जुना बुलडोझर आणि तुझे बाबा

प्रिय लाडोबा,

पत्र बघून दचकू नकोस. घरी कुणी अंथरुणाला खिळलेलं नाही, आणि मला तुझ्याकडून काही मागायचंही नाही. हातात फोन असताना आई कागद खरडत बसली, म्हणजे काहीतरी काळंबेरं आहे असं तुझ्या मनात येणारच. संशय घ्यायचा गुण तू माझाच उचललास. आणि काळंबेरं आहेच. पण आधी बुलडोझरचं सांगते, मग बाकीचं आपोआप कळेल.

त्याच्याही आधी एक गोष्ट बोलून मोकळी होते. तुझी नोकरी गेली त्या दिवशी तू फोन केलास आणि बाबा तुला म्हणाले, वा, फार छान झालं, मी याचीच वाट बघत होतो. त्या दिवसापासून तुम्हा दोघांचं बोलणं बंद. तू फोन माझ्याच नावाने करतोस, आणि मी तो कानाला लावला की हे चपला घालून पंप बघायला जातात. पंपाला काय झालंय ते पंपालाच ठाऊक! तू शेती सोडून गेलास म्हणून त्यांनी मनात अढी धरली, असं तू मला म्हणालास. मलाही तसंच वाटत होतं. मी भांडून पाहिलं, अबोला धरून पाहिला, पण त्यांनी तोंड म्हणून उघडलं नाही.

तर बुलडोझर. वरच्या अंगाची खडकाळ जमीन तुला आठवत असेल. झुडपं उपटून ती सपाट करायची आणि खाली पाण्यासाठी तळं खोदायचं, असं यांच्या मनाने घेतलंय. भाड्याचा बुलडोझरवाला यायचा तेव्हा येतो, अर्धं काम करून दुसऱ्याकडे पळतो. म्हणून आपलाच एक जुना घेऊन टाकू, असं ठरलं. जुन्या मशिनींचा एक व्यापारी आहे, मोठ्या पत्र्याच्या आवारात बसतो. बोलणं इतकं गोड की मी त्याचं नाव साखरतोंड्या ठेवलंय. मी गाडीतून उतरते न उतरते तोच मला ताई म्हणाला. जो माणूस नाव विचारायच्या आधी नातं जोडतो, त्याच्यासमोर आपली पिशवी घट्ट धरावी.

त्याने दाखवलेला बुलडोझर नवाकोरा पिवळा. म्हातारीने पावडर थापावी तसा रंग थापलेला, अगदी इंजिनाच्या रबरी नळीवरसुद्धा शिंतोडे. मी म्हटलं, ज्याला नळी झाकायचीही फुरसत नव्हती, त्याला कसली एवढी घाई होती? बॉनेटवर हात ठेवला तर ते गरम. साखरतोंड्या म्हणाला, तुम्हाला नीट दिसावा म्हणून आत्ताच सावलीतून बाहेर काढला. मी वाकून चेनखाली बघितलं. तिथलं गवत पांढरंफटक पडलेलं होतं, म्हणजे हा कित्येक दिवस जागचा हललेला नव्हता. इंजिन नुसतं तापवून ठेवलं होतं, थंड असताना ते कसं वागतं ते आम्हाला कळू नये म्हणून! माणूस एवढ्या तोंडभरून खोटं बोलतो आणि वर चहा आणवतो.

मला वाटलं, बोलू दे त्याला काय बोलायचं ते, आपल्याकडे बाबांचा कान आहे. तुला सांगायला नको, जुना ट्रॅक्टर घ्यायचा असो की पंप, लोक आधी यांना घेऊन जातात. लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक इंजिनावर, मूठ कानाला, डोळे मिटलेले, आणि मग आतलं काय झिजलंय ते सांगून मोकळे. या वेळी मात्र त्यांनी मूठ कानाला लावली, काढली, आणि चक्क दातांत धरली. डोळे उघडे, नजर साखरतोंड्याच्या तोंडावर. हे कुठलं नवं नाटक म्हणून मी बघतच राहिले. मग मान डोलावून म्हणाले, लोण्यासारखं चालतंय.

माझं समाधान झालं नाही. मी हट्टाने त्यांना पुन्हा नेलं, न कळवता, सकाळी सकाळी, इंजिन थंड असताना. आम्हाला बघून साखरतोंड्याचा चेहरा क्षणभर पडला, पण लगेच त्याने तो उचलून जागेवर लावला. इंजिन नुसतंच घरघरत राहिलं. सुरू झालं तेव्हा एवढा धूर, की मी पदर नाकाला लावला. आणि आतून खट खट खट. पातेल्यावरचं झाकण उडावं तसा आवाज, लपता लपेना. चहा घेऊन आलेल्या माणसालाही तो ऐकू आला, त्याने मान खाली घातली. साखरतोंड्या मात्र हसतमुखाने बोलत सुटला होता. यांनी त्याच्या हसण्याकडे बघितलं आणि म्हणाले, उत्तम आहे, घेऊन टाकू.

लाडोबा, माझ्या मनात पहिला विचार काय आला सांगू? हे दोघं मिळालेले आहेत. साखरतोंड्याने यांना काहीतरी चारलंय. एवढ्या वर्षांचा संसार, कधी कुणाचा खिळा घरी आणला नाही या माणसाने, आणि मी तिथल्या तिथे त्यांना चोर ठरवलं. घरी येईपर्यंत मी पुरावे गोळा करत होते. साखरतोंड्या पाठमोरा होऊन काही विचारत होता तेव्हा हे नुसतेच हसले. मित्रांच्या चौकडीत गप्पा मारायला जाणं अलीकडे बंद. टीव्ही लावला तर म्हणायचे, बातम्या सगळ्या खोट्या असतात, बंद कर. जेवताना बरोबर माझ्या समोर येऊन बसायचे आणि माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. मेलं या वयात काय बघतात, म्हणून मी जरा लाजलेही होते.

मग मी सापळा लावला. ते नळावर हात धूत होते, पाठ माझ्याकडे. मी नेहमीच्या आवाजात म्हटलं, साखरतोंड्याने तुम्हाला किती दिले? त्यांनी साबण उचलला. म्हटलं, लबाड आहात तुम्ही, पक्के लबाड. ते साबण फेस होईपर्यंत चोळत राहिले. मी चिडले, आणि हातातली स्टीलची परात धाडकन फरशीवर टाकली. मांजर कोठीत पळालं. शेजारीण खिडकीतून डोकावली. आणि तुझे बाबा शांतपणे टॉवेलने बोटं पुसत होते, एकेक करून.

मी तिथेच खाली बसले आणि रडले. ते वळले, परात बघितली, मला बघितलं, आणि त्यांना कळलं की मला कळलं.

मग समोरासमोर बसून सगळं काढून घेतलं. वर्ष होऊन गेलंय. आधी बारीक आवाज गेले, मग माणसांचे. जवळून, तोंड बघत असलं तर निम्मं समजतं, उरलेलं ते अंदाजाने भरतात. स्क्रूड्रायव्हर दातांत धरून नुसती थरथर कळायची, म्हणून इंजिनं ते विकणाऱ्याच्या चेहऱ्यावरून ओळखत होते, आणि साखरतोंड्याचा चेहरा काही हाती लागला नाही. कुणाला का सांगितलं नाही विचारलं, तर म्हणाले, मला लोक कानासाठी बोलावतात, कान गेला तर मी कोण? मी कपाळावर हात मारला. डॉक्टरकडे उद्या ओढतच नेणार आहे, कितीही पाय आपटोत. तो पिवळा बुलडोझर मी नाही म्हणून कळवलाय. आवाराच्या कोपऱ्यात एक गंजलेला पडलाय, त्याचं साखरतोंड्या नावही काढत नाही. तो चांगला असावा असं हे म्हणतात. मला तीही त्याची एक युक्ती वाटते.

आता हे पत्र का ते सांगते. हे सगळं तुला फोनवर सांगता आलं असतं. हे शेजारी बसले असते तरी त्यांना कळलं नसतं, आणि म्हणूनच मला ते सांगवलं नाही. त्यांच्या देखत त्यांच्या पाठीमागे बोलल्यासारखं झालं असतं. म्हणून लिहिलं, आणि लिहिलेलं त्यांना वाचायला दिलं. चोर ठरवलं ते वाचून हसले. तुझ्या त्या फोनपाशी मात्र थांबले, चष्मा काढला, पुसला, परत लावला. त्या दिवशी तुम्हाला काय ऐकू आलं होतं, म्हणून मी बोटाने ती ओळ दाखवून विचारलं. म्हणाले, ते तुला नाही सांगणार, त्याला सांगेन. नंतर खरं काय ते त्यांना कळलं होतं, पण चूक सांगायची तर कानाचं सांगावं लागलं असतं, म्हणून तुझा फोन आला की ते पंपाकडे पळत होते. तू त्यांना पत्र लिही, बाळा. आईला म्हणून नको, त्यांच्या नावाने लिही. खाली थोडी जागा सोडून पेन त्यांच्या हातात देते आहे.

तुझीच,
संशयी आई

मला वाटलं, तुला बढती मिळाली. मी त्या दिवशी सगळ्या आळीला सांगून आलो होतो.
बाबा